वर्कशॉप घेणं सोपं आहे सर, पोरं गळतात ती त्याच्या नंतरच्या सहा महिन्यांत

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही हिंगण्याकडच्या एका कॉलेजात शिकवता, ब्लॉकचेन, म्हणजे एकच हिशोबवही अनेकांच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं तंत्र, शिकायला २२ पोरंपोरी तयार झालीत, बहुतेक घरातले पहिलेच इंजिनिअर, कोणी उत्तर नागपूरच्या वस्तीतले, कोणी मोमिनपुऱ्यातले, दोघं गडचिरोलीकडचे आदिवासी वसतिगृहात राहणारे. कॉलेजनं ६० हजार मंजूर केलेत. तर मोठं वर्कशॉप घ्यावं का, बाहेरून कोणी नावाजलेला माणूस बोलवावा का, आणि ही पोरं या क्षेत्रात टिकतील का, की चार दिवसांची हौस होऊन जाईल, असं तुम्ही विचारलंय.

मी नऊ वर्षांपासून याच कामात आहे. आधी सॉलिडिटीत, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रामच्या भाषेत, कोड लिहायची, आता दुसऱ्यांचे कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे तेच प्रोग्राम, तपासते म्हणजे ऑडिट करते, आणि २०१९ पासून दर रविवारी इंदोऱ्यातल्या एका अभ्यासिकेत पोरांसोबत बसते. तर पहिलंच सांगते, वर्कशॉपवर एक रुपयाही घालू नका.

कारण सुरुवात या क्षेत्रात अडतच नाही. रीमिक्स हे कोड लिहायचं साधन ब्राउझरमध्ये उघडतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. ओपनझेपलिनचा तयार कॉन्ट्रॅक्टचा कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, उघडा पडलाय, कोणीही वाचा. पॅट्रिक कॉलिन्सचे कितीतरी तासांचे कोर्स यूट्यूबवर फुकट आहेत, क्रिप्टोझॉम्बीज खेळता खेळता सॉलिडिटी शिकवतं. दोन दिवसांत पोरगं स्वतःच्या नावाचं टोकन, म्हणजे डिजिटल नाणं, बनवतं, फोटो निघतो, सर्टिफिकेट मिळतं. मग सोमवार उजाडतो आणि पुढे काय हे कोणालाच माहीत नसतं. मी पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं. सदरला हॉल घेतला, ७० पोरं, टी-शर्ट वाटले, दिवाळीपर्यंत चार उरले. तेव्हा मी पोरांनाच दोष दिला, यांना चिकाटी नाही म्हटलं. ती माझी चूक होती. त्यातल्याच एकानं नंतर सांगितलं, "ताई, शिकलो तं खरं, पण केलेलं दाखवू कोणाले?" ज्याच्या घरी काका बंगळुरूत असतो, ज्याचा हॉस्टेलमधला सिनिअर एखाद्या ब्लॉकचेन प्रोजेक्टच्या टीममध्ये असतो, त्याला हा प्रश्न पडत नाही. आपल्या पोरांना तोच पडतो.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी काय म्हणून राहिले ते नीट कळेल. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मुलीनं एका ओपन सोर्स लायब्ररीला, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडला, पहिला पीआर टाकला, म्हणजे माझा बदल यात घ्या अशी विनंती. छोटासाच बदल, पण दोन आठवडे घासून केलेला. रिव्ह्यू करणाऱ्यानं तीन कमेंट टाकल्या, दोन कमेंटच्या आधी लिहिलेलं "निट". रिव्ह्यूअरचं नाव भारतीय वाटत होतं, हिच्या प्रोफाइलवर नागपूर लिहिलेलं, तिला वाटलं हा माणूस मराठी आहे आणि आपल्याला रागावून म्हणून राहिलाय की नीट कर. रात्री पावणेबाराला तिनं स्वतःच तो पीआर बंद करून टाकला, आणि दोन रविवार आलीच नाही. तिसऱ्या रविवारी मैत्रिणीनं ओढून आणली तेव्हा मोबाइलवर स्क्रीनशॉट दाखवला, डोळ्यात पाणी. मी तिला सांगितलं, अगं, हे इंग्रजीतलं निट आहे, म्हणजे लीख, उवेचं अंडं. आई केस विंचरताना उवा तर काढतेच पण लीख पण सोडत नाही ना, तशी ही बारीक गोष्ट आहे, जमलं तर कर, नाही केलं तरी चालतं, आणि निट लिहिलंय म्हणजे त्या जागी मोठी चूक नाही. तिथंच बसून पीआर परत उघडला, एका व्हेरिएबलचं नाव बदललं, एक टेस्ट जोडली. मंगळवारी मर्ज झाला, म्हणजे बदल त्यांनी घेतला.

बघा, तिला सॉलिडिटी येत होती, जावास्क्रिप्ट येत होती. फक्त त्या रात्री पावणेबाराला विचारायला कोणी नव्हतं. असे प्रसंग दर पोराच्या वाट्याला येतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ते आपल्याला कळतही नाहीत, पोरगं गुपचूप येणं बंद करतं आणि आपण म्हणतो इंटरेस्ट नव्हता.

म्हणून आमच्याकडे आता एक नियम आहे: पहिले तीन पीआर कोणी एकट्यानं टाकत नाही. पीआर टाकताना एक सिनिअर शेजारी बसतो, आणि कमेंट आली की ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो, मराठीत अर्थ सांगतो, मग उत्तर काय लिहायचं ते मिळून ठरवतो. "आय डोन्ट अंडरस्टँड, कॅन यू एक्सप्लेन" हे लिहायला पोरांना पहिल्यांदा फार जड जातं, शाळेत न कळलेलं विचारलं की बोलणी खायची सवय असते ना. दोनतीनदा लिहिलं आणि समोरून शांतपणे उत्तर आलं की ती भीती जाते. मेंटॉरशिप म्हणून महिन्यातून एक झूम कॉल ठेवतात त्यापेक्षा हे शेजारी बसणं शंभरपट कामाचं आहे.

शिकवायचं मराठीतच, हे पण मी आग्रहानं सांगते. शब्द इंग्रजी राहू द्या, कॉन्ट्रॅक्टला करारनामा म्हणत बसू नका, पण समजावणं घरातल्या भाषेत आणि घरातल्या उदाहरणांनी. आमचा पहिला प्रोजेक्ट टोकन नसतोच, महिला बचत गटाचं रजिस्टर असतो. प्रत्येकाच्या आईला नाहीतर मावशीला ते माहीत असतं. कोणी किती भरले, कोणाला कर्ज दिलं, सही कोणाकोणाची लागते. आता समजा दहाही बायकांकडे त्याच रजिस्टरची एकेक प्रत आहे आणि नवी नोंद सगळ्यांनी ताडून पाहिल्याशिवाय कोणाच्याच वहीत चढत नाही, इतकं सांगितलं की लेजर म्हणजे काय हे बोर्डवर लिहावं लागत नाही.

रीएन्ट्रन्सी पण याच रजिस्टरवर शिकवते. सचिव ताईनं पैसे आधी हातात दिले आणि वहीत नंतर वजा करू म्हटलं, तर घेणारी बाई वही उघडायच्या आत परत समोर उभी राहते, वहीत तिचे पैसे अजून शिल्लकच दिसतात, ताई परत देते, ती परत उभी राहते. जून २०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या द डाओ नावाच्या सामायिक फंडातून साधारण ३६ लाख ईथर, म्हणजे इथेरियमचं चलन, असेच गेले, पैसे पाठवायची ओळ आधी होती आणि शिल्लक कमी करायची ओळ नंतर. त्यापायी पुढच्याच महिन्यात चेनचे दोन भाग झाले, जुनी वाट धरून राहिलेलं इथेरियम क्लासिक आजही चालू आहे. पोरं दोन ओळींची अदलाबदल स्वतः करून बघतात, आधी लुटून, मग दुरुस्त करून. आधी तपासा, मग वहीत लिहा, मग पैसे द्या, हा क्रम एकदा असा बसला की वर्षभरानं ऑडिट करताना पण डोळा आपोआप तिथंच जातो.

आता मशीनचं. अर्ध्या पोरांकडे ४ जीबी रॅमचा, हार्ड डिस्कवाला लॅपटॉप असतो, काहींकडे फक्त मोबाइल. मोबाइलवर सॉलिडिटी शिकता येते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, वाचता येते, लिहिता येत नाही. जुन्या लॅपटॉपवर सुरुवातीला रीमिक्स, आणि एसएसडी टाकली की फाउंड्री हे कोड तपासायचं साधन बऱ्यापैकी चालतं. पूर्ण नोड, म्हणजे सगळ्या चेनची प्रत, आपल्या मशीनवर चालवायच्या भानगडीत पडू नका, त्याला २ टीबीची चांगली एसएसडी लागते, शिकायला त्याची काहीच गरज नाही.

टेस्टनेटचं, म्हणजे सरावाच्या चेनचं, एक दुखणं मात्र माहीत असू द्या. सेपोलिया या टेस्टनेटवरचं ईथर खोटं असतं, त्याला किंमत नाही, पण ते वाटणाऱ्या बऱ्याच फॉसेट आता म्हणतात की तुमच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, मेननेटवरचं, म्हणजे खऱ्या चेनवरचं, थोडं ईथर असलं तरच देऊ. बॉट लुटतात म्हणून त्यांनी हे केलंय, त्यांचंही खरं आहे, पण ज्या पोरीकडे स्वतःचं बँक खातं पण आईसोबत जॉइंट आहे ती खरं ईथर कुठून आणणार, तिची गाडी तिथंच अडते. यावर उपाय सोपा आहे. फाउंड्रीचा ॲन्व्हिल चालू केला की स्वतःच्याच मशीनवर चेन उभी राहते आणि दहा खाती मिळतात, प्रत्येकात १० हजार खोटं ईथर. हार्डहॅट हे तसलंच दुसरं साधन अशीच वीस खाती देतं. पहिले दोन महिने याच्यावरच काढा. नंतर सेपोलिया लागेल तेव्हा तुम्ही किंवा मी एका वॉलेटमधून वाटू, आमच्याकडे तसा डबा ठेवलेला आहे. फक्त एक गोष्ट पोरांकडून पाठ करून घ्या, ॲन्व्हिल आणि हार्डहॅटच्या त्या खात्यांच्या चाव्या जगजाहीर आहेत, त्यावर खरे पैसे टाकले की बॉट क्षणात उचलून नेतात.

घरच्यांचं कोणी बोलत नाही, पण पोरी गळायचं मोठं कारण तेच असतं. आपल्याकडे वस्त्यावस्त्यांत कॉइनच्या नावानं चेन मार्केटिंगवाले येऊन गेलेत. माझ्या स्वतःच्या आत्यानं भिशीचे ४० हजार त्यात घातले आणि ते गेले ते गेलेच. त्यामुळे पोरगी म्हणाली मी ब्लॉकचेन शिकून राहिले की आईच्या पोटात गोळा येतो. मी दर बॅचमध्ये घरोघरी जाते, चहा घेते, आणि लॅपटॉप उघडून दाखवते की ही पैसे लावत नाही, कोड लिहिते, हिच्या वॉलेटमध्ये शून्य रुपये आहेत. एका घरी वडील काहीच बोलले नाहीत, नुसते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत होते, मी म्हटलं काका, बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंध रुपयावरच होता, १९२३ साली छापलेला, पैसा म्हणजे काय आणि तो कोणाच्या हातात असतो हाच त्यांचा अभ्यास होता, तुमची पोरगी त्याच विषयाच्या नव्या धड्यावर आहे. ते म्हणाले, मग रविवारी मीच सोडून देत जाईन. सोडतात अजून. तुम्ही पण जा सर घरोघरी, फोनवर होत नाही हे.

वेळेचं पण बघा. बाहेरच्या प्रोजेक्टचे कॉल आपल्या रात्री दहा-अकराला असतात. दोन खोल्यांच्या घरात, भाऊ झोपलेला, तिथं पोरगी कॅमेरा लावून इंग्रजीत कशी बोलणार. आम्ही मेंटेनरला, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला, सरळ मेल लिहितो की ही कॉलला येणार नाही, लेखी अपडेट देईल. आजवर कोणी नाही म्हटलं नाही, पण ती मेल पोरगी स्वतःहून लिहीत नाही, तुम्हाला तिच्यासोबत बसून लिहावी लागते. आणि उन्हाळी इंटर्नशिप म्हणजे आपला मे महिना, ४५ डिग्री, टिनाच्या छताखाली लॅपटॉपच तापून बंद पडतो. त्या दिवसांत कॉलेजची कूलरवाली लॅब दुपारी उघडी ठेवायची परवानगी आत्ताच काढून ठेवा.

पैशाबद्दल. मोठं बक्षीस कधीतरी मिळण्यापेक्षा दर महिन्याच्या एक तारखेला लहान रक्कम मिळणं जास्त कामाचं, कारण दुसऱ्या वर्षाला घरून विचारणा सुरू होते की डिलिव्हरीचं काम करशील का, आणि पोरगं ते धरतं. इकडून महिन्याला तीन हजार जरी मिळत असले तरी ते सहा महिने तग धरतं.

बाहेरून पैसा येतो तो बऱ्याचदा यूएसडीसीमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाच्या क्रिप्टोत, देऊ म्हणतात. शक्य तिथं नाही म्हणा, बँकेत मागा. एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, त्यात उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे ही सवलत चालत नाही, तोटा दुसरीकडे वळवता येत नाही, आणि जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस. कामाचे मिळालेले क्रिप्टो ज्या दिवशी मिळाले त्या दिवशीच्या भावानं उत्पन्न धरावं लागतं ते वेगळंच. करापेक्षा मोठी भीती म्हणजे पोरं पीटूपीवर, म्हणजे थेट माणसामाणसात, अनोळखी माणसाला विकतात, त्याचा पैसा कुठल्यातरी फसवणुकीतला निघतो आणि सायबर पोलिसांच्या पत्रावर खातंच गोठतं. आमच्या एका पोराचं खातं असं चार महिने बंद होतं, त्यातच त्याची स्कॉलरशिप जमा व्हायची होती. वडिलांचं खातं तर कधीच देऊ नका. एक सीए गाठून ठेवा, वर्षातून दोनदा भेटला तरी पुरे.

अर्ज कुठं करायचे तर समर ऑफ बिटकॉइन ही इंटर्नशिप विद्यार्थ्यांसाठीच आहे, ऑनलाइन, स्टायपेंड देतात. इथेरियम फाउंडेशनचा इकोसिस्टम सपोर्ट प्रोग्राम हा अनुदान देणारा कार्यक्रम आहे, पण तिथं पहिल्या वर्षी जाऊ नका, काहीतरी केलेलं दाखवायला लागतं. २०२१ मध्ये ट्विटरच्या संस्थापकांपैकी जॅक डॉर्सी आणि रॅपर जे-झी यांनी ५०० बिटकॉइन घालून बीट्रस्ट नावाचा निधी सुरू केला, आफ्रिका आणि भारतातले बिटकॉइन डेव्हलपर घडवायला असं म्हणून. त्यांचं पहिलं संचालक मंडळ आफ्रिकन लोकांचं होतं, आणि त्यांनी भर प्रशिक्षण आणि ग्रँटवर ठेवला, मला ती दिशा पटते. बंगळुरूचं ईथइंडिया हॅकाथॉन २०१८ मध्ये सुरू झालं, भरलं तर न्या पोरांना, पण दुसऱ्या वर्षी न्या. पहिल्या वर्षी नेलं की बाजूच्या टेबलवरचं फाडफाड इंग्रजी ऐकून खचून येतात, हे मी दोनदा बघितलंय.

गिटकॉइनबद्दल, म्हणजे ओपन सोर्स कामांना देणग्या मिळवून देणाऱ्या व्यासपीठाबद्दल, जरा थांबते, कारण बरेच जण म्हणतात की त्याच्या क्वाड्रॅटिक फंडिंग या वाटपाच्या पद्धतीमुळे लहान लोकांना न्याय मिळतो. हिशोब असा असतो: प्रत्येकाच्या देणगीचं वर्गमूळ काढायचं, सगळी मुळं मिळवायची आणि बेरजेचा वर्ग करायचा. एकाच माणसानं १००० रुपये दिले तर उत्तर १००० च येतं, आणि १०० जणांनी दहा-दहा दिले, म्हणजे रक्कम तेवढीच, तर उत्तर येतं १ लाख, मग सामायिक निधीतला वाटा त्या प्रमाणात. कल्पना फार सुंदर आहे, मला मनापासून आवडते. पण ते शंभर जण वॉलेटवाले पाहिजेत. ज्याच्या मित्रमंडळात वॉलेट आहेत त्याचे शंभर सहज होतात, आमच्या पोराला त्याच्या गल्लीतले शंभर लोक पाठीशी असतात पण त्यातल्या एकाकडेही वॉलेट नसतं. म्हणून त्याच्या भरवशावर योजना आखू नका, मिळालं तर मिळालं.

आडनावाचं पण बोलून घेऊ, कारण तुम्ही ते लिहिलं नाही तरी मनात असणारच. या क्षेत्रात टोपणनावानं काम करणं रीतीला धरून आहे, बिटकॉइन ज्यानं काढलं त्याचं खरं नाव आजही कोणाला माहीत नाही. शेरलॉकसारख्या ऑडिट स्पर्धेत, म्हणजे कोडमधल्या चुका शोधायच्या स्पर्धेत, तुम्ही काय शोधलं ते बघतात, आडनाव, जेईईचा रँक, कॉलेज कोणी विचारत नाही. आमच्या पोरांना पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मी तरी कोणाला नाव लपव म्हणत नाही आणि लाव असंही म्हणत नाही, तो त्याचा निर्णय. पण या स्पर्धांवर घर चालेल असं सांगू नका, कमाई थोड्यांचीच होते आणि पैसे यायलाही वेळ लागतो. अभ्यास म्हणून करा. आणि खोट्या मुलाखतींपासून जपा. लिंक्डइनवर मेसेज येतो, डॉलरमधला पगार, मग म्हणतात टेस्ट म्हणून हा रेपो, म्हणजे कोडचा संच, उतरवून घेऊन चालवा, आणि चालवला की त्यातला कोड पासवर्ड आणि वॉलेटच्या चाव्या उचलून नेतो. नोकरीची ज्याला जास्त गरज तोच आधी अडकतो. अनोळखी रेपो रिकाम्या, वेगळ्या मशीनवरच चालवायचा, नाहीतर चालवायचाच नाही.

तुमच्या त्या दोन गडचिरोलीच्या पोरांना एक गोष्ट जरूर दाखवा. २०२२ मध्ये एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन नावाच्या चेनवर करायचं काम झालं, दाखला खरा आहे का हे कोणालाही पडताळून बघता यावं म्हणून. पोरांना विचारा, तुमच्या घरचा दाखला त्यात आहे का, तो पडताळायचा कसा, आणि रेंज नसलेल्या गावात हे चालवायचं असेल तर तुम्ही काय बदलाल. हा प्रश्न मुंबईतल्या पोराला सुचणार नाही, यांना सुचेल. वर्षभराचा प्रोजेक्ट आहे तो.

आता तुमचे ६० हजार. बुर्डीत जुना थिंकपॅड, ८ जीबी आणि एसएसडीवाला, साधारण १८-१९ हजारात पडतो, दोन घ्या, कॉलेजच्या नावावर ठेवा पण घरी न्यायला द्या, कपाटात कुलूप लावून ठेवला तर घेऊन उपयोग नाही. १८ हजार एका फायनल इयरच्या पोराला नाहीतर पोरीला सहा महिने, महिन्याला तीन हजार, शेजारी बसण्याचे. फुकटात बसायला सांगू नका, तो पण त्याच घरातून येतो. उरलेल्यात रिचार्ज, एक्स्टेंशन बोर्ड, आणि रविवारचे तर्री पोहे. २२ मधून निवड करायची परीक्षा घेऊ नका, सहा आठवडे सगळ्यांना येऊ द्या, जे येत नाहीत त्यांच्या घरी एकदा जाऊन या, मग ठरवा.

येत्या रविवारी अकरा वाजता त्यांना इकडे घेऊन आलात तरी चालेल. लीखवाली पोरगी असते, ती आता दुसऱ्यांचे पीआर बघते, तुमच्या पोरी तिच्याशी जास्त मोकळं बोलतील. येताना चार्जर आणायला सांगा, आणि जमलं तर दोन बोर्ड, आमच्याकडे प्लग कमी पडतात.